झिजलेली दाढ

दहावीत माझी खालची दाढ किडली आणि आमच्या घरात मरणाची भीती शिरली. एका दाढेचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण माझा मामा दाढेनेच गेला होता. मिठागरावर काम करता करता गाल सुजला, सूज गळ्यात उतरली आणि उरणहून पनवेलला आणेपर्यंत श्वास बंद पडला. आई त्याच्या उशाशी होती.

एसटी स्टँडजवळचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "चांदी भरू. त्यात पारा असतो, पण टिकते. ते नवं पांढरं दिसायला छान, पण चावून चावून झिजतं."

विषारी पाऱ्याचं नाव निघताच आई उठून उभी राहिली. "पारा म्हंजे ईख. पोरीच्या तोंडान ईख नाय भरायचा."

शेवटी पांढरंच भरलं. निळा दिवा दाखवून डॉक्टरांनी ते कडक केलं. मी आरशात बघून खूश झाले, आई मात्र धास्तावलेलीच.

पुन्हा कीड लागू नये म्हणून ती रोज सकाळी मला समोर बसवायची. कोळसा आणि मिठागराचं जाडं मीठ कुटून राखुंडी करायची आणि स्वतःच्या बोटाने माझी दाढ घासायची. मामा आठवला की बोटाला आणखी जोर यायचा. मी विव्हळले तरी सोडायची नाही.

वर्षभरात जिभेला खड्डा लागायला लागला. मी घाबरून गप्प बसले. वर्गात फळ्यावर काय चाललंय याचा पत्ता नसायचा, माझी जीभ आपली तिथेच. घरी आले की गाल चाचपून बघायचे.

एका सकाळी आईच्या बोटाचं नखच त्या खड्ड्यात अडकलं. तिचं तोंड उतरलं. तशीच मला घेऊन ती दवाखान्यात गेली.

"कशाने घासता?" डॉक्टरांनी विचारलं. आईने सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, आधीच ते मऊ, त्यात रोज कोळसा नि मीठ! झिजणार नाही तर काय? आता आतली नस मेली असेल तर दाढ काढावी लागेल."

त्यांनी दाढेवर गार हवा सोडली. मी किंचाळले.

"जिवंत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आता चांदीच भरायची."

आईने माझा गाल चाचपून बघितला. मग म्हणाली, "आदी माझ्या दाढेन भरा. मना काय नाय झाला, तं मंग तिच्या."

तिची एकही दाढ किडलेली नव्हती. तरी मला उठवून ती खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडलं.