आत्याची पत्रावळ

फाळणीत कराचीच्या बंदरावर, गर्दीत हात सुटून सासऱ्यांची बहीण मागे राहिली. ती बारा वर्षांची, सासरे नऊ. लग्न होऊन मी कोपरगावहून बेलापूरच्या या सिंधी घरात आले तेव्हा मला एवढंच सांगितलं, की आत्या मेली. तिथी ठाऊक नाही म्हणून सासरे दर सर्वपित्रीला तिच्या नावाची पत्रावळ गच्चीवर ठेवतात. तिच्यावर गोड भात हवाच, कारण आत्याला तो आवडायचा. कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही.

मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा दोष. दुरावलेली माणसं शोधणारा एक गट मोबाईलवर सापडला. तिथे मी आत्याचं नाव, गाव, कपाळावरच्या खोकेचा व्रण, सगळं लिहिलं. चार महिन्यांनी ती कराचीतच सापडली. जिवंत. व्हिडिओ कॉलवर दिसली, हनुवटी अगदी सासऱ्यांची.

"पोरी, एकदा त्याचं तोंड दाखव," ती सिंधीत म्हणाली. "मग मी मरायला मोकळी."

रविवारी सकाळी मी फोन सासऱ्यांच्या हातात दिला. आत्या त्यांना लहानपणच्या नावानं हाका मारत होती. मागे तिचा मुलगा नमाजाची टोपी घालून उभा होता. सासऱ्यांचा अंगठा पडद्यावर तिच्या कपाळावरच्या व्रणावर गेला, म्हणजे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"माझी बहीण मेली हाय, सूनबाई. वडलांनी निर्वासितांच्या छावणीत तिचं सगळं क्रियाकर्म केलं. आता ती जिवंत न्हाई व्हायची."

हे ते मुद्दाम मराठीत बोलले. आत्याला कळलं नाही. मी तिला लाईन गेली म्हणून सांगितलं. त्या दिवशी मला सासऱ्यांचा तिरस्कार वाटला, आजही वाटतो.

आत्या रोज दुपारी फोन करायची. मी सांगायची, पप्पा झोपलेत, दुकानात गेलेत, त्यांचा घसा बसलाय. महिन्याभरात माझ्या थापा संपल्या. शेवटी, शेजारच्या खोलीत सासरे पेपर वाचत असताना, मी तिला सांगितलं की ते गेले.

ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "तारीख सांग. दरवर्षी त्याच्या नावानं गरिबांना जेवू घालीन."

मी कॅलेंडर बघून आदल्या दिवसाची तारीख सांगितली.

त्याच आठवड्यात सर्वपित्री होती. सासऱ्यांनी आत्यासाठी गोड भात करायला सांगितला. मी केला.