टँकरच्या पाण्यातला फेस

एकट्यानं एसी दुरुस्त करायला मी पहिल्यांदा लातूरला गेलो, त्या उन्हाळ्यात तिथं प्यायलाही पाणी नव्हतं. लातूर वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. जिकडंतिकडं ‘जिल्हा’ लिहिलेल्या कोऱ्या पाट्या आणि त्या पाट्यांखाली घागरींच्या रांगा. मी नांदेडचा. दुष्काळ आमच्याकडंही होता, पण गोदावरीच्या डोहात पाणी टिकून होतं आणि तेवढ्यावर आम्ही मिजास करायचो. बसमधून उतरलो तेव्हा मी लातूरकरांना मनातल्या मनात हसलो होतो. आज त्याची लाज वाटते.

काम एका खाजगी दवाखान्यात होतं. भाजलेल्या पेशंटसाठी डॉक्टरांनी एक खोली केली होती आणि तिचा एसी बंद पडला होता. खिडक्या उघडल्या की माश्या आणि फुफाटा आत, लावल्या की भट्टी. खाटेवर जळकोटकडची एक मुलगी होती, वीसेक वर्षांची. स्टोव्हचा भडका उडून गळ्यापासून कमरेपर्यंत भाजलेली. तिचा बाप उशाशी उभा राहून विंझणा हलवत होता. एक हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचा, थांबत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “चार-पाच दिवस ही खोली थंड राहिली तर थोडी आशा आहे. नाहीतर मी काही सांगू शकत नाही.”

दोष लगेच सापडला. बाहेरच्या युनिटला तांब्याच्या दोन नळ्या येतात, त्यांच्या तोंडाशी पितळी व्हॉल्व्ह असतात. त्यातला एक तेलकट झाला होता. गॅस जिथं गळतो तिथं तेल दिसतं, हे मला उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. उस्ताद म्हणजे नांदेडात मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते. त्यांच्या दोन ताकिदी असायच्या. व्हॉल्व्ह बदलला की नळीत दाबानं नायट्रोजन भरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. मग तोच दाब एक दिवस तसाच ठेवायचा. गेजचा काटा हलला नाही, तरच गॅस भरायचा. माझ्याजवळ गॅसची एकच टाकी होती.

मी व्हॉल्व्ह बदलला, सांधे आवळले, नायट्रोजन भरला. फेसासाठी पाणी मागितलं तर टँकरनं आणलेलं बोअरचं पाणी मिळालं, तेही नर्सनं तांब्या मोजून दिल्यासारखं दिलं. साबण घासला, फेस येईना. वर नुसता पांढरा चोथा तरंगायला लागला. ‘साबणसुद्धा धड मिळत नाही या गावात’ असं पुटपुटत मी अर्धी वडी झिजवली आणि जो बुळबुळीत लगदा झाला तो सांध्यांना फासला. बुडबुडा काही आला नाही. नांदेडला चिमूटभर साबणाचा ओंजळभर फेस व्हायचा. पाणी फेस धरत नाही असंही असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

आता एक दिवस थांबायचं होतं. पण आतून मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि बाप सारखा दारात येत होता. “सायेब, कवा चालू व्हईल?” मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

“आत्ता होतंय बाबा,” मी म्हणालो आणि गॅस भरला.

खोली गार झाली. बापानं एसीच्या जाळीसमोर हात धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग विंझणा खाटेखाली सरकवला. “लई गार हाय,” तो म्हणाला. मुलीचा डोळा लागला होता. मी छाती फुगवून नांदेडची बस धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात ट्रंक कॉल आला. एसी नुसती गरम हवा फेकत होता. उस्तादांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, “फेस कशात केलतास?”

“टँकरच्या पाण्यात.”

“अरे, त्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, फेस कुठून यील? आन येक दिवस थांबलतास का?”

“नाही.” उस्तादांच्या शिव्या आमच्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही दिली नाही, आणि मला ते सहन झालं नाही.

नांदेडात गॅस नव्हता, हैदराबादहून यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी गोदावरीचं पाणी बाटलीत भरून लातूरला गेलो. मुलगी त्याच सकाळी गेली होती. डॉक्टर म्हणाले, “इतकं भाजलेलं होतं, तसंही...” ते ‘तसंही’ मी खूप वर्षं घट्ट धरून ठेवलं. पण त्यानं मला कधी बरं वाटलं नाही.

त्या खोलीत दुसरा पेशंट यायचा होता म्हणून मला काम करावंच लागलं. मी युनिटपाशी बसलो, नायट्रोजन भरला, फेस लावला. या वेळी भरपूर फेस झाला. मीच आवळलेल्या सांध्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक निघायला लागले. बाप आवारातल्या लिंबाखाली बसून गावाकडच्या जीपची वाट बघत होता. मला पाहून उठला आणि शेजारी येऊन उकिडवा बसला.

“हितूनच गळत हुतं व्हय?” त्यानं विचारलं.

“हो.”

त्यानं एका बुडबुड्याला बोट लावून पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “मशीनच खराब, तुमी तरी काय करणार, सायेब? त्या दिवशी तुमच्यामुळं झोपली पोरगी. लई दिसांनी झोपली.”

मशीन चांगली होती.

“हाव, मशीनच खराब,” मी म्हणालो.