ऐरणीवरची चमकी

सकाळी बसमधून उतरले तेव्हा मी चांगलीच खुशीत होते. नागपूरच्या कॉलेजात आयुष्यभर दगड शिकवले आणि आता निवृत्तीनंतर कुणीतरी दगड बघायला मुद्दाम बोलावलं होतं. माझा मावसभाऊ दिगंबर वाळूजच्या एका कारखान्यात फिटर आहे. वेरूळजवळ त्याचं शेत आहे. तिथल्या विहिरीत सुरुंग लावल्यावर हिरे निघाले, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. मी मनातल्या मनात हसले होते.

उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या घरी आम्ही धपाटे (मिश्र पिठांची तिखट थापलेली भाकरी) खाल्ले. दिगंबर गाडी काढायला खाली गेला, तशी त्याची बायको सुमन माझ्याजवळ सरकली. नाकातल्या चमकीवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "ताई, ही माझ्या वडलांनी लग्नात दिली, हिरा म्हणून. ते शाळेत शिपाई, त्यांना कुठला हिरा परवडतोय, म्हणून सासूबाई मरेस्तोवर काचच म्हणत राहिल्या. आता वडील बी नाय राहिले. तुम्ही एकदा बघा. काच निघाली तर मला एकटीलाच सांगा."

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला.

"संध्याकाळी निवांत बघू," मी म्हणाले. भिंग माझ्या पिशवीतच होतं.

वेरूळपर्यंत मी गाडीतच वर्ग घेतला. सवय जात नाही. इथला काळा पाषाण म्हणजे जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरलेला लाव्हा. हिरे आणणारा ज्वालामुखी खडक वेगळा, त्याचं नाव किंबरलाइट. तो दीडशे किलोमीटरहून जास्त खोलातून निघतो आणि सोड्याच्या बाटलीसारखा उसळत झपाट्यानं वर येतो. वाटेत रेंगाळला तर हिऱ्यांचं पेन्सिलीतलं शिसं होतं, नाहीतर ते विरघळून तरी जातात. तसा खडक पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीत आहे, इथं नाही.

"कशावरून नाय?" दिगंबरनं विचारलं.

मी लेण्यांकडे बोट दाखवलं. "अख्खा डोंगर वरून खाली कोरला. एक तरी हिरा निघाल्याचं ऐकलंस?"

"निघाला तर कोण सांगतंय व्हय?"

सुमन मागच्या सीटवरून म्हणाली, "पण ताई, खरा हिरा लई कठीण असतो ना?"

"त्याच्याइतकं कठीण जगात काही नाही," मी ठासून सांगितलं.

विहिरीच्या काठावर फोडलेल्या दगडांचा ढीग होता. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि झिरपत्या पाण्यातून त्यांत सावकाश स्फटिक वाढतात. दिगंबरचे हिरे तेच होते. सुंदर, लखलखीत गारगोट्या. मी तसं सांगितल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत तो शेडमधल्या ऐरणीकडे गेला. "खरा हिरा घणाखाली फुटत नाय. लोखंडात रुततोय." एका घावात गारगोटीचा चुरा झाला.

मी पाठ वळवून पिशवीतलं भिंग शोधू लागले. त्या चुऱ्यातच त्याला स्फटिक दाखवावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मागे सुमनचा आवाज आला, "ही बी ठेवा. होऊन जाऊ द्या."

मी वळेपर्यंत घण खाली आला होता.

ऐरणीवर चमकीचं चेपलेलं सोनं आणि पांढरे कण, एवढंच उरलं होतं. सुमन जागच्या जागी खाली बसली. दिगंबर पुटपुटला, "काच. आई म्हणायची तेच निघालं."

मी कण वेचले. भिंगाखाली एका कपरीची बाजू दिसली, सुरीनं कापावी इतकी सपाट. काच अशी तुटत नाही. ती कपरी पिशवीतल्या चिमट्यात धरून मी गारगोटीवर ओढली आणि खोल चरा उमटला. शेडमधल्या फुटक्या बाटलीच्या काचेनं दिगंबरनं स्वतः ओढून पाहिलं. त्याच गारगोटीवर ओरखडासुद्धा आला नाही.

"हिरा होता," मी म्हणाले. "हिऱ्यावर कशानं चरा उमटत नाही, पण घाव बसला की तो ठरलेल्या पातळीत सरळ चिरतो. कठीण असतो, चिवट नसतो." हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. गाडीत त्याचा अर्धाच भाग बोलले.

दिगंबरच्या हातातला घण गळून पडला. "मी माझ्या हातानं..." म्हणून तो थांबला. सुमन कण पदरात गोळा करत होती, तिनं वर पाहिलं नाही. "मग वडील खोटं बोलले नव्हते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं मला बसवर सोडायला आली. भोक बुजू नये म्हणून सुमननं नाकात कडुनिंबाची काडी घातली होती. परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर तोच काळा पाषाण मैलोन् मैल दिसत होता आणि पहिल्यांदाच मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ज्ञानाची घमेंड इतकी महाग पडू शकते, हे मला या वयात कळलं, आणि किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

बस सुटायच्या आधी सुमननं खिडकीशी येऊन विचारलं होतं, "ताई, खरं कळायला तो फोडायलाच लागत व्हता का?"

"नाही," मी म्हणाले. "भिंगातून दोन मिनिटांत कळलं असतं."