सात नंबरचा पिंजरा

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काका म्हणत. भुसा बदलावा, बाटल्या घासाव्यात तर काकांनीच. एकवीस वर्षांत त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमनी मुद्दाम चपटे जंत दिले होते. पोटात जंत असले की शरीरातल्या लढाऊ पेशी किती वाढतात, ते त्यांना मोजायचं होतं. काकांना मात्र ते मलूल उंदीर बघवेनात. घरी नातीचं जंतांचं औषध उरलं होतं. ते त्यांनी गुपचूप सातच्या बाटलीत कालवलं. मुक्या जिवांवर उपकार केल्यासारखे दोन दिवस खुशीत वावरले.

आठवड्याने मॅडम धावत आल्या. “काका, सातमधले सगळे जंत गेले! पेशींनीच हाकलले!” त्यांचा फुललेला चेहरा बघून काकांनी ओठावर आलेलं गिळलं. उद्या सांगू, म्हणाले मनाशी. तो उद्या काही उजाडला नाही.

मॅडमनी नवे उंदीर घेऊन तोच प्रयोग तीनदा केला. काकांनी आता औषधाला हातही लावला नाही. जंत ठाण मांडून बसले. वर्ष वाया गेलं, मॅडमच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली.

एका दुपारी त्या सातच्या पिंजऱ्यापाशीच मटकन बसल्या. “पहिल्या वेळी माझंच मोजणं चुकलं असणार, नाही का हो काका?”

काका बाटली घासत राहिले. मान वर न करता म्हणाले, “असेल, मॅडम.”