तेल घालून बघा

आमची आत्या जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करते आणि गिऱ्हाइकांना फैलावर घेते. काल एका मास्तरांच्या प्लेअरचा सुईचा दांडा मध्येच अडकत होता. तिने सांधा खोलला, तर आत तेल आणि धुळीचा चिकटा.

"कुणी पाजळली ही अक्कल? हे काय शिलाई मशीन आहे?"

मास्तर चाचरले. "तुम्हीच फोनवर म्हणालात, तेल घालून बघा."

आत्याचा पारा चढला. "कुठे अडकतोय ते डोळ्यांत तेल घालून बघा, म्हणाले होते मी! डोळ्यांत!"

"तुम्ही इतक्या ओरडत होतात, की मी फोन कानापासून लांब धरला होता. अर्धंच ऐकू आलं."

आत्या सांध्यातला चिकटा खरवडू लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "स्पिरिट आण."

तेही ओरडूनच.