निळ्या ठिपक्याची ओटी

जुन्या नकाशाला एक वास असतो. किंचित आंबट, किंचित धुळकट, बंद कपाटात अडकून राहिलेल्या उन्हासारखा. तुम्हाला सांगते, एडिसन गावातल्या आमच्या डायनिंग टेबलावर कित्येक वर्षं हा वासच जेवतो आहे, आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर!

अरुण, माझा नवरा, आयुष्यभर धरणांची गणितं मांडून निवृत्त झाला आणि थेट नेवाडाच्या वाळवंटाच्या जुन्यापुराण्या नकाशांत बुडाला. खेचरांवर दुर्बिणी लादून कुणी त्या निर्जल विस्तारात हिंडलं, डोंगरांच्या उंचीच्या तपकिरी रेषा काढल्या आणि जिथे ओंजळभर पाणी लाभलं तिथे एक निळा ठिपका ठेवला. तृषार्त माणसानं ठेवलेला ठिपका खोटा कसा असेल, असा अरुणचा सवाल. माझा सवाल एकच, टेबल कधी मिळणार? शेवटी पैज लागली. त्याच्या आवडत्या झऱ्यावर जायचं. पाणी असेल तर नकाशे टेबलावर, नसेल तर कायमचे गराजमध्ये.

पाण्याच्या भेटीला रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून मी ओटीचं सामान बांधलं: खण, तांदूळ, हळदकुंकू आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला नारळ.

"अगं, तुला तिथे पाणी नकोच आहे ना? मग ओटी कुणाची?" अरुणनं विचारलं.

पैज पैजेच्या जागी, रीत रीतीच्या जागी!

भाड्याची गाडी रस्त्याकडेला ठेवून, काटेरी झुडपं चुकवत आम्ही त्या ठिपक्यावर पोचलो. पांढरी, भेगाळलेली माती आणि मधोमध एक काळा दगड. मी जिंकले होते! अरुण नकाशा पसरून खाली बसला आणि ठिपक्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवू लागला.

"मॅप करेक्ट आहे यार, पाणीच गेलंय," तो पुटपुटला.

जिंकणं इतकं कोरडं असतं? मला त्याची फार माया आली.

ओटीचा नारळ पाण्यात सोडायचा. इथे सोडणार कुठे? मी तो दगडावर आपटला. पाणी उडालं, मातीत मुरलं, नकाशावरही शिंपडलं. कुठूनसा एक सरडा आला आणि ओल्या मातीला जीभ लावून गेला.

"बघ, आहे की पाणी," मी म्हणाले. "हरले मी. चल आता."

हल्ली आमच्या टेबलावरच्या वासात खोबऱ्याचाही वास मिसळला आहे. नकाशावरचा डाग मात्र निळ्या ठिपक्यापासून बोटभर लांब पडला. तेवढी चूक सर्व्हेत चालते, असं अरुण म्हणतो. मी मान डोलावते आणि मांडीवरचं ताट सावरते.