बर्फातला गडी आणि आमचे मामा

आमच्या मामांइतका एकटं राहण्यात पटाईत माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा त्याच्याशी बोलणार नाहीत, तोही मामांशी बोलणार नाही, त्यामुळे सामना काही व्हायचा नाही. हे माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. मूळचे फुलंब्रीकडचे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले. मामी गेल्यापासून गुलमंडीमागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. नाशिकला दिलेली मुलगी दर महिन्याला फोनवर रडायची, “बाबा, आता इकडंच या,” आणि मामा दर महिन्याला “बरं बरं, पाहू” म्हणून फोन ठेवून द्यायचे. मी त्याच शहरात राहायचो, मामांकडं माझं येणंजाणं होतं, म्हणून शेवटी त्यांना वळवायचं काम तिनं माझ्या गळ्यात मारलं.

मामांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून सुरू झाली. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा मराठी झाली, पण मामांचा हात काही वळला नाही. कुठलंही पुस्तक ते उजवीकडून उघडायचे. पेपर मागच्या पानापासून, लग्नपत्रिका ‘आहेर आणू नये’ पासून. गल्लीतले लोक जुनी उर्दू खरेदीखतं घेऊन यायचे, ती मात्र घडाघडा वाचून द्यायचे आणि वर शेराही मारायचे, “तुमच्या आज्यानं लई भोळेपणानं अंगठा मारलाय बघा.” दर रविवारी दौलताबादचा किल्ला एकट्यानं चढायचे. मी सोबत निघालो की म्हणायचे, “नको जावईबापू, तुमी बोलता लई. दम तुमचा जातो अन् कान माझे जातात.” पुढं गुडघ्यांनी संप केला, डॉक्टरांनी किल्ला बंद केला, तेव्हा मामा इतके फुरंगटले की त्या वर्षी दौलताबादची सीताफळंसुद्धा त्यांनी घरात येऊ दिली नाहीत.

त्यांचं मन रमावं म्हणून माझ्या मुलीनं त्यांना एक जपानी चित्रकथा दिली. मंगा म्हणतात म्हणे त्याला. जाडजूड भाग, काळीपांढरी चित्रं, आणि गोष्ट एवढीच की एक माणूस एकट्यानं डोंगर चढतो. इंग्रजी थोडं, बर्फ फार. मुलगी म्हणाली, “कसं वाचायचं ते आजोबांना सांगावंच लागलं नाही.” मी लक्ष दिलं नाही. मामांना त्या गड्यानं पार झपाटलं. ऐन मे महिन्यात, पंखा नुसत्या झळा फेकत असताना, मामा माकडटोपी घालून वाचत बसलेले. “मामा, उकडत नाही का?” “इथं उकडतंय हो, पण तिथं वारं सुटलंय ना!” एकदा टाकीचा कॉक अडकला तर कपडे वाळत घालायची दोरी कमरेला बांधून हे शिडीनं टाकीवर. दोरीचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. शेजारीण खालून ओरडली, “मामा, उतरा की हो!” “उतरतो, आधी शिखर गाठू द्या!” नाशिकचा फोन आला की उत्तर तयार, “तो गडी एकटा हिमालय चढतोय, अन् मला एकट्याला चहा जमंना व्हय?”

शेवटचा भाग आला तेव्हा तो मी मामांच्या आधी चाळला. सुरुवातीलाच गडी घरी, बायको दारात. मग डोंगर, वादळ, आणि अखेरीस हा बर्फात गाडलेला, नुसता एक हात वर. संपलं. मला तर हुकमाचा एक्काच मिळाला! तडक जाऊन पुस्तक मामांच्या हातात दिलं आणि म्हणालो, “मेला तुमचा गडी. एकटाच. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही.”

मामांचा चेहरा उतरला. “जवळ कुणीच नव्हतं व्हय?” एवढंच त्यांनी विचारलं. मला माझीच लाज वाटली, पण त्यांच्या मुलीचं रडणं आठवून मी पुस्तक तिथंच ठेवलं आणि घरी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर धाडधाड. मामा! गुडघे विसरून दोन जिने चढून आलेले. “जावईबापू, शिकलेसवरलेले तुमी, अन् उलटं वाचता? ह्ये उजवीकडून वाचायचं असतंय! जिता हाय गडी!” माझी मुलगी हसून हसून सोफ्यावरून पडायची बाकी राहिली. मामांनी मला पान न् पान लावून दाखवलं. आधी बर्फ, मग तो हात, मग खुरडत खाली, मग घर. “तुमी महसुलात असता ना, तर जित्या माणसाचे वारस लावून मोकळे झाला असता!” मामांना एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, माझाही जीव भांड्यात पडला.

मग शेवटचं पान आलं आणि त्यांचं बोट थांबलं. दारात बायको उभी होती.

“चढला एकटाच,” ते म्हणाले. “पण खाली आला तो हिच्यापायी. माझ्या दारात आता कुणीबी नाय हो.” मग पुस्तक मिटून म्हणाले, “नाशिकला फोन लावा.”

आठवड्याभरात नाशिकहून त्यांची मुलगी गाडी घेऊन आली. मामा पुढच्या सीटवर बसले आणि लगेच तिला तो गडी बर्फातून कसा सुटला ते सांगायला लागले. मामा आपणहून बोलत होते! मुलगी डोळे पुसत हसत होती. माझ्यावर सोपवलेलं काम फत्ते झालं होतं, सगळे माझं कौतुक करत होते, आणि मला मात्र एकच गोष्ट सांगायची होती की मामा, इतकी वर्षं तुमच्या दारात मी येत होतो की. पण गाडी निघाली, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.